दादानं काढलेली पुली

गॅरेजमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साचतात. एखादा माणूस गाडी दाखवायला येतो, चहा होईपर्यंत स्टुलावर टेकतो, काहीतरी बोलून निघून जातो. मग त्याचं ते बोलणं आमच्या घरी जेवताना वर्षानुवर्षं निघत राहतं. फरक एवढाच, की बाकी लोकांच्या किश्श्यांत दुसऱ्याची फजिती असते. आमच्या किश्श्यांत आमचीच! म्हणून सांगताना मी निम्मा वेळ खालीच बघत असते. तुम्ही हसा, पण जरा हळू.

मी प्रज्ञा. राहणार पवनी. सोमवार ते शनिवार एका पतसंस्थेत काउंटरवर बसते आणि रविवारी, जमेल तेव्हा, शर्यतीत गाडी चालवते. ही दुसरी गोष्ट माझ्या मोठ्या भावामुळे. संघपाल त्याचं नाव, मी दादा म्हणते. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी त्यानं भंडारा रोडवर गॅरेज टाकलं. पार्टनर त्याचा लहानपणचा दोस्त मारोती. मारोती कोंढ्याचा, घरी धानाची शेती, पण जीव सगळा वेल्डिंगच्या ठिणग्यांत. दोघांना नाद एकच, गाडी जोरात पळाली पाहिजे. साध्या गाडीचं इंजिन खोलून ते असं बांधायचे, की ती पुन्हा साधी राहायची नाही.

आणि आमचे सगळे किस्से फिरून फिरून एकाच वस्तूपाशी येतात. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, त्याच्यावर बसवलेली ती गोल पुली. तिचं खरं नाव डॅम्पर. पण पवनीत तिला सगळे पुलीच म्हणतात.

* * *

पहिला किस्सा थालीचा.

एका दुपारी मारोती आमच्या घरी जेवायला आला होता. मागच्या खोलीत दादासोबत बसला आणि त्यानं प्रश्न काढला, "अबे संघू, त्या पुलीच्या मधात रबर कायले रायते?"

"शाफ्ट थरथरू नये म्हणून."

"एवढं जाड लोखंड! ते कायले थरथरन?"

"पीळ पडते ना त्याले," दादा म्हणाला. "एकेक सिलिंडर पेटला का शाफ्टले दणका बसते. दणक्यानं तो इतकुसा पिळते, मंग उलटा सुटते. पुन्हा दणका, पुन्हा पीळ. एखाद्या स्पीडवर दणक्याचा आन पिळाचा ताल जुळला का थरथर वाढतच जाते. मंग एक दिवस शाफ्ट मोडते."

"आन रबर काय करते?"

दादानं इकडेतिकडे पाहिलं आणि रॅकवरची स्टीलची थाली उचलली. चमच्यानं एक हाणली. थाली झणझणली. मग पुन्हा हाणली आणि लगेच घडी केलेला रुमाल कडेला दाबला. आवाज जागीच मेला.

"पाहिलं? पुलीच्या बाहेर जड कडं आहे, मधात रबर. शाफ्ट थरथरला का कडं म्हणते, मी नाई हालत. दोघाच्या ओढाताणीत रबर ताणते, गरम होते. सारी थरथर त्या रबरातच जिरते."

"पुन्हा वाजव बरं," मारोती म्हणाला.

दादानं पुन्हा वाजवली. मग मारोतीनं स्वतः वाजवली. एकदा रुमालानं, एकदा बिनरुमालानं. दोघं अगदी रंगात आले.

त्याच वेळी समोरच्या खोलीत दिघोरीचे पाहुणे बसले होते. मला पाहायला आले होते! मी खाली मान घालून बसले होते, ती लाजेनं असं त्यांना वाटत असणार. मी आतली थाली ऐकत होते.

शेवटी स्वयंपाकघरातून आईचा आवाज सगळ्या घराला ऐकू गेला, "आली ना बाप्पा, आली! भात उतरवून राहिली! थाली कायले बडवता, जेवले नाई का कधी?"

मुलाच्या आईनं आतल्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वाकून तिनं हळूच विचारलं, "घरात खाणारे किती आहेत?"

दिघोरीहून पुढे काही निरोप आला नाही.

* * *

दुसरा किस्सा गुरुजींचा. आमच्या शाळेचे रिटायर हेडमास्तर. जुनी कार्बोरेटरची गाडी, पण रोज पुसून ठेवलेली. गाडी चढावर ठोकायला लागली, म्हणजे इंजिनातून टकटक यायला लागली, म्हणून ते दादाकडे आले.

दादानं टायमिंग लाइट लावला. पुलीच्या कडेवर एक खूण असते, ती समोरच्या रेघेशी जुळवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बसवतात. दादानं खूण बरोबर जुळवली. गाडी आणखी ठोकायला लागली. पुन्हा जुळवली. पुन्हा तेच.

दादाला हार मानता येत नाही. तो म्हणाला, "गुरुजी, टायमिंग परफेक्ट आहे. तुमच्या पेट्रोलमधीच भेसळ आहे."

गुरुजी म्हणजे सरळ माणूस. ते तिथून थेट पंपावर गेले आणि भर गर्दीत मालकाला फैलावर घेतलं. तोही त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं उलट शब्द काढला नाही. लोकांसमोर पेट्रोल काचेच्या नळीत मोजून दाखवलं. पेट्रोल चोख होतं! तरी गुरुजी म्हणाले, "तू वर्गातही असाच साळसूद दिसायचास."

काही दिवसांनी दादानं त्या गाडीची पुली काढली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आतलं रबर म्हातारं झालं होतं, आणि बाहेरचं कडं त्याच्यावरून सरकून गेलं होतं. म्हणजे खूणच मुळात जागेवर नव्हती. दादा इतके दिवस चुकीच्या जागेशी अगदी तंतोतंत टायमिंग जुळवत होता!

गुरुजींना सांगायचं कोणी? मारोती धानाला पाणी द्यायचं म्हणून निघून गेला. दादानंच सांगितलं, नजर टायरकडे ठेवून.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा पुसला. मग म्हणाले, "चल, गाडीत बस."

"कुठं गुरुजी?"

"पंपावर. शिव्या मी एकट्यानं दिल्या. माफी दोघं मिळून मागू!"

* * *

तिसरा किस्सा मारोतीचा, आणि तो समोर असला की मला सांगू देत नाही.

दादाचं नाव थोडं झालं होतं. नागपूरच्या एका हौशी साहेबांनी त्यांची सहा सिलिंडरची विदेशी स्पोर्ट्स कार इंजिन बांधायला आमच्याकडे पाठवली. पवनीत ती गाडी आली तेव्हा बघायला शाळा सुटल्यासारखी गर्दी झाली. सहा सिलिंडर एका ओळीत, म्हणजे शाफ्ट लांब. जितका लांब तितका जास्त पिळणार. म्हणून साहेबांनी त्याच्यासाठी खास डॅम्पर मागवला होता. ह्यात रबर नव्हतं. बंद लोखंडी डबा, आत एक जड कडं, आणि भोवती मधासारखं घट्ट तेल. कडं त्या तेलात आपल्या मनानं फिरतं आणि शाफ्टची थरथर तेलात विरते. डब्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात इशारा होता की आपटू नका. डबा जरासा चेपला तरी आतलं कडं अडकतं, आणि अडकलं की ते नुसतं ओझं.

मारोतीच्या हातून तो डबा फरशीवर पडला.

बारीकसा पोचा आला. मारोतीनं कोणाला न सांगता तो बाहेरून ठोकून काढला आणि वर काळा रंग मारला. पण रंग इतका सुंदर मारला, की दादाला लगेच शंका आली! मारोतीनं मग कबूल केलं. दादानं साहेबांना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. साहेब दुसऱ्याच दिवशी आले.

आम्ही तिघं ओळीनं उभे. साहेबांनी डॅम्पर हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि मारोतीला विचारलं, "कितने ऊपर से गिरा?"

मारोती घाबरला की खरं बोलतो. म्हणाला, "ज्यादा ऊपर से नहीं साब. मगर दो बार गिरा!"

दादा गर्रकन वळला. "दुसऱ्यांदा कधी बे?"

"पहिल्यांदा पडला तो तुले दाखवाले उचलला होता ना," मारोती म्हणाला. "तेव्हा. म्हणून मंग दाखवलाच नाई."

* * *

आता माझ्या गाडीचं सांगते.

माझी गाडी म्हणजे एक जुनी छोटी हॅचबॅक, पण इंजिन दादाच्या हातचं. मोकळ्या मैदानात शंकू मांडतात, एकेक गाडी सोडतात, ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला. अशा शर्यतीत मी बऱ्यापैकी होते. मग एकदा भंडाऱ्याच्या एका ड्रायव्हरनं आम्हाला हरवलं. तेही जेमतेम, पापणी लवण्याइतकं. दादानं जाऊन त्याच्या इंजिनात डोकावून पाहिलं. पुढे डॅम्पर नव्हता! ॲल्युमिनियमची हलकी, सपाट पुली होती.

दादा परत आला तो वेगळाच माणूस होऊन. "वजन कमी का इंजिन पटकन उसळते," म्हणाला.

"पण दादा, थरथर?"

"थे रबर कंपनीवाले आवाज कमी कराले लावतात. घरच्या गाडीत बसणाऱ्याच्या आरामासाठी. रेसमधी आराम कायले पायजे?"

हा तोच दादा, ज्यानं मारोतीला सगळं समजावून दिलं होतं! पण हरलेल्या माणसाला आपलंच बोलणं आठवत नाही. त्यानं लेथवर हलकी पुली करवून घेतली आणि डॅम्पर काढून बाजूला ठेवला. गाडी खरंच उसळायला लागली. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा अवकाश.

उन्हाळ्यात कोंढ्याकडचा तलाव कोरडा पडतो. मारोतीच्या ओळखीनं आम्ही त्याच्या तळात सराव करायचो. शंकू नव्हते, तर मारोतीनं तुटकी घमेली मांडली होती. मी आपली त्यांच्याभोवती गाडी फिरवतेय, धुळीचे लोट उठताहेत, आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा साडेपाच हजाराच्या जवळ आला की गिअरच्या दांड्यातून हाताला झिणझिण्या येताहेत. त्याच्या खाली नाही, त्याच्या वर नाही. तेवढ्याच जागी.

गाडी थांबवून मी दादाला सांगितलं.

"तू दांडा लय घट्ट धरतं," दादा म्हणाला. "भीती आहे तुया हातात."

"भीती साडेपाच हजारावरच कशी येते?"

"तिथंच तर गाडी जोरात पळते ना!" असं म्हणून दादा हसला. मारोतीही हसला. मला स्वतःचीच लाज वाटली. खरंच घाबरत असेन, असं वाटलं. मग दरवेळी तिथं झिणझिण्या आल्या की मी दात आवळून पाय आणखी दाबायचे.

त्याच दिवशी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक शेळ्या चारणारा काका बसला होता. आम्ही थांबलो तसा तो काठी टेकत खाली उतरला आणि थेट माझ्या खिडकीशी आला. चेहऱ्यावर खरी काळजी.

"बाई, सकाळपासून पाहून राहिलो," तो म्हणाला. "तुले निंघाची वाट भेटून नाई राहिली का?"

मी काय सांगणार! दादा आणि मारोतीनं तोंडं फिरवली होती. काका म्हणाला, "ये माया मांगं." आणि तो पुढे निघाला. त्याच्यामागे शेळ्या, शेळ्यांच्या मागे मी, फर्स्ट गिअरमध्ये. पाळीवर नेऊन त्यानं मला रस्ता दाखवला, आणि मी वळेपर्यंत हात करत उभा राहिला.

* * *

नागपूरच्या बाहेर मोठी शर्यत होती. पवनीहून जीप भरून माणसं आली. मामा, मामी, वस्तीतले काका, पतसंस्थेतल्या दोन मैत्रिणी. आईनं सगळ्यांसाठी पोळ्या बांधून दिल्या होत्या. मी पहिल्या फेरीत पुढे होते! माइकवाला माझं नाव घेऊन ओरडत होता, "भंडारा ज़िले की शेरनी!" मामी उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावरून सरळ लागले. काटा चढला. साडेपाच हजार. झिणझिण्या आल्या. दात आवळले, पाय दाबला.

खाली कोणीतरी घण हाणावा तसा आवाज झाला. सगळं एकदम थांबलं. धूर, तेलाचा वास, आणि मागे जमिनीवर काळी रेघ. गाडी घरंगळत जाऊन शंकूला टेकली.

माइकवाल्यानं क्षणभर वाट पाहिली. मग म्हणाला, "लगता है मैडम ने गियर गलत डाल दिया! कोई बात नहीं, लेडीज़ के लिए तालियाँ!"

लोक हसले. टाळ्याही वाजल्या, आणि त्या जास्त लागल्या. मी हेल्मेट काढलंच नाही. दादा धावत आला, बॉनेट उघडलं, खाली वाकला. माइकवाला तिथेच उभा होता, दोन पावलांवर. दादा त्याला काही बोलेल असं मला वाटलं. दादा काही बोलला नाही.

जीपमध्ये मी मामीशेजारी बसले. मामी फक्त एकदा म्हणाली, "होते कधी कधी बाई. हात नवा आहे." पोळ्यांची पिशवी तशीच परत आली.

आठवडाभर पवनीत एकच गोष्ट होती, प्रज्ञानं इंजिन फोडलं. काउंटरवर एक आजोबा सहीसाठी पेन घेताना म्हणाले, "हळू पोरी, मोडशीन." चांगल्या मनानं म्हणाले होते. मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

त्या आठवड्यात दादानं इंजिन खोललं. मी गेले तेव्हा तो खाली बसला होता आणि समोर क्रँकशाफ्ट होता. दोन तुकडे. सरळ मोडलेला नव्हता. पिळून तुटतं तसा, तिरपा तुटला होता. मारोती उगाच पान्हे पुसत होता. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मीही काही विचारलं नाही.

* * *

आणि हा शेवटचा. आमच्या घरात हा कोणी काढत नाही, मीच सांगते.

रविवारी सकाळी दादा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात बाजाराची पिशवी, आणि ती खाली ओढलेली. आत शाफ्टचा छोटा तुकडा होता.

"प्रज्ञा, चप्पल घाल."

"कुठं?"

"चाल."

आमच्या गल्लीतल्या पहिल्या घरी गेला. "जय भीम काका." पिशवीतून तुकडा काढला आणि दाराशीच म्हणाला, "हे पहा. प्रज्ञानं इंजिन नाई फोडलं. पुली मी काढली होती, म्हणून शाफ्ट तुटला. पोरगी बरोबर चालवून राहिली होती."

काका लुंगी सावरत तुकड्याकडे बघत राहिले. "बरं बापू," म्हणाले. "चहा घ्याल?"

मला जमिनीनं गिळावं असं झालं. माझ्यासाठी चाललं होतं, पण त्या क्षणी वाटत होतं की इंजिन फोडल्याचं नाव परवडलं, हे नको! मी दादाचा शर्ट ओढला. तो पुढच्या दारी गेला. तिथल्या वहिनीनं पिशवी पाहूनच सांगितलं, "आम्हाले नाई पायजे बापू, मागच्याच आठवड्यात घेतलं." तिला वाटलं काही विकायला आलाय. दादानं तिलाही पूर्ण सांगितलं. तिसऱ्या घरी मामाच भेटले. त्यांनी ऐकलं आणि आत जाऊन मामीला बाहेर बोलावलं. "पुन्हा सांग," म्हणाले. दादानं मामीसमोर पुन्हा सांगितलं. मामीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेली.

असं करत करत गल्लीच्या टोकाला जनाआजी. आजीला नीट दिसत नाही आणि ऐकू तर फारच कमी येतं. ओसरीत उन्हाला पाय पसरून बसली होती.

"जय भीम आजी!"

"जय भीम बाप्पा. कोण?"

"संघपाल! आजी, पुली मी काढली होती!"

"काय काढलं?"

"पुली! गाडीची! मी काढली! म्हणून तुटलं!" दादा ओरडत होता. सगळी गल्ली दारात आली होती. ज्यांना सांगून झालं होतं, तेही पुन्हा ऐकत होते.

आजीनं हात पुढे केले. दादानं तो तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. वजनानं ती जरा वाकली. मग तिनं तुटलेल्या जागेवरून बोटं फिरवली. सावकाश. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हे इकडं गुळगुळीत काहून आहे बापू? आन कडेले टोचते."

"तिथं आधीची चीर होती आजी!" दादा ओरडला. "थरथरीनं पडली होती! रोज इतकुशी वाढत गेली! कडेचं तेवढंच राहिलं होतं, थे त्या दिवशी तुटलं!"

"अरे बाप्पा!" आजीची बोटं त्या गुळगुळीत जागेवरच थांबली. "इतक्या दिसाची चीर? मंग कोणी सांगतलं नाई का तुले?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"सांगतलं होतं आजी," दादा हळूच म्हणाला.

आजीनं कानामागे हात लावला. "आँ? मोठ्यानं सांग ना बापू, आयकू येऊन नाई राहिलं!"